सहा लांब दगड

लातूर, ९ नोव्हेंबर २००३

सरदार,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. गुरुजी म्हणायचे, गुरुपादप्पाची वही कोंबडीनं लिहिलेली दिसते. दहा वर्षांत त्या कोंबडीत काही सुधारणा झालेली नाही. फाडायचं असेल तर इथेच फाड. अर्धं वाचून फाडलंस तर मला जास्त लागेल.

कागदाच्या मागे फिजिक्सच्या चाचणीचे प्रश्न आहेत, ते सोडवत बसू नकोस. मी आता लातूरला एका क्लासच्या वसतिगृहावर वॉचमन आहे. दहावीला नव्वद टक्के पाडलेली पोरंपोरी खेड्यापाड्यांतून इथे येतात, डॉक्टर व्हायचं म्हणून. पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीनं रडतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून मार्कांसाठी. फाटकाशेजारी एक खोली मिळाली आहे, तिथे मी आणि गौरम्मा राहतो. ती मेसमध्ये भाकरी करते. भूकंपानंतर मी थापी हातात धरलेली नाही. गवंड्याचा वॉचमन झालो. भिंती दुसऱ्यांच्या, मी फक्त त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसतो.

आता मुद्द्याचं सांगतो. दिवाळीनंतर मेसला मिरचीची पोती घेऊन एक टेम्पो आला. बरोबर जो पोरगा होता तो माझ्या वाकड्या अंगठ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुमी अप्पाकाका न्हाई का?"

मी म्हटलं, "हाव. तू कोन?"

"यासेर. सरदार मिस्तरीचा."

सरदार, तो तुझ्यासारखाच हसतो रे, आधी तोंडाच्या एका बाजूनं. गाव सोडलंत तेव्हा बारा वर्षांचा होता. गौरम्मानं त्याला खोलीत नेऊन बसवलं, चहा केला, आणि त्याच्याकडे बघून पदर डोळ्याला लावला. म्हणाला, धर्माबादच्या मिरचीबाजारात बरं चाललंय, जागा घेतलीय, घर बांधायचंय. मी म्हटलं, मग बांध की. तर म्हणाला, "अब्बा पाया खोदू देईनात. अजून अंगनात पत्र्याखालीच झोपून राहिलेत. पावसाळ्यातबी."

"कामून?"

त्यानं कप खाली ठेवला. "ते म्हन्तात, मी बांधलेल्या भिंतीखाली माझी लेक गेली. आता माझ्या घरची दुसरी भिंत हुभी ऱ्हानार न्हाई."

मी त्याचा कप उचलून विसळायला घेतला. गौरम्मानं शेंगाची चटणी बांधून दिली आणि तो गेला. तेव्हापासून मला जेवण जात नाही. तुला एक सांगायचं आहे म्हणून आज लिहायला बसलो होतो, पण एवढं लिहिल्यावर वाटतंय, आधी हालहवाल तरी विचारावी. रोजे चालू असतील. तब्येतीला जप. चांदबीभाभीला माझा सलाम सांग, ती घेत असेल तर.

पुढच्या आठवड्यात अकरावीच्या पोरांची सहल गोव्याला चालली आहे. सामान सांभाळायला मला नेणार आहेत. आठवतं का, शाळेच्या पुस्तकात समुद्राकाठच्या किल्ल्याचं चित्र होतं? खाली पोर्तुगीजांची शिडाची जहाजं. मोठे झालो की दोघांनी जाऊन बघायचं असं आपलं ठरलं होतं. मला जहाजं बघायची होती आणि तुला भिंत कशी बांधलीय ते. तू तेव्हापासूनच गवंडी होतास.

गुरुपादप्पा


कळंगुट, २० नोव्हेंबर

सरदार,

समुद्र बघितला. खारट असतो हे पुस्तकात लिहिलेलं खरं आहे, मी चाखून खात्री केली. पोरं हसली. हसू देत.

आज सकाळी आग्वादच्या किल्ल्यावर गेलो. चित्रातला तोच की दुसरा, कोण जाणे, पण मी तो तोच धरला. डोंगराच्या टोकावर किल्ला, खाली तीन बाजूंनी पाणी. बरोबरचा गाईड सांगत होता, पोर्तुगालहून निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी इथे लागायची. वाटेत माणसं मरायची. इथे गोड्या पाण्याचा झरा होता, म्हणून जहाजं इथे थांबून पिंपं भरून घेत. किल्ल्याच्या पोटात पाण्याची टाकी आहे. टाकी कसली, आपलं अख्खं गाव गुराढोरांसकट आत मावेल आणि वर बाजार भरेल. आमच्या वसतिगृहाला उन्हाळ्यात टँकर लागतो. एका पोरानं विचारलं, "सर, आपल्याकडं आसं पानी कामून साठवत न्हाईत?" सर म्हणाले, हा प्रश्न परीक्षेला येणार नाही.

पाटीवर साल लिहिलंय, राज्य कुणाचं होतं तेही लिहिलंय. ज्यांनी बांधलं त्या गवंड्यांचं नाव कुठे नाही. मी तुझ्या वतीनं थोडं चिडून घेतलं.

दगड आपल्यासारखा काळा नाही. जांभा आहे, लालसर, अंगभर भोकं. खाणीतून काढताना मऊ असतो म्हणे आणि वारा लागला की घट्ट होतो. तू म्हणाला असतास, हा दगड आहे की धपाटं? पण चारशे वर्षं समुद्राचा वारा खाऊन उभा आहे. मोठा तट तर एवढा रुंद की त्याच्या पोटात काय आहे ते कळायचं नाही. खंदकाच्या कडेला मात्र एक छोटी खोली होती, पहारेकऱ्याची असेल. तिची एक भिंत अर्धी पडलेली. पडलेली भिंत दिसली की मी एरवी मान फिरवतो. आज फिरवली नाही. जवळ गेलो. भिंतीचं पोट उघडं पडलं होतं आणि सरदार, त्यात आडवे दगड होते. इकडून तिकडे, आरपार. वरचं सगळं ढासळलं होतं, पण जिथवर ते दगड होते तिथवर भिंत जागची हलली नव्हती. मी हात लावला. बाहेरच्या अंगाला जाऊन त्याच दगडाचं दुसरं टोक शोधलं, मग परत आत आलो. असे चार हेलपाटे घातले असतील. पोरांना वाटलं, काकांचं काहीतरी हरवलंय.

समीक्षा म्हणून भोकरकडची एक पोरगी आहे, फार चौकस. तिनं येऊन विचारलं, "काका, तुमी गवंडी व्हता का?"

दहा वर्षांत मी कुणाला हो म्हटलं नव्हतं. तिला म्हटलं. आणि मग तोंड सुटलंच. तिला सांगितलं की दगडाच्या भिंतीला दोन गवंडी लागतात. एक बाहेरून रचतो, एक आतून. मधल्या पोकळीत चिपा आणि माती. पण नुसतं तेवढंच केलं तर ती एक भिंत होत नाही, दोन भिंती नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. धक्का बसला की एक इकडे पडते, एक तिकडे. म्हणून मधूनमधून एक लांब दगड आरपार घालायचा. तो एकट्याला उचलत नाही. बाहेरचा ढकलतो आणि आतला ओढतो. बाहेरचा विचारतो, "आला का?" आतला म्हणतो, "आला." आमचा सरदार मिस्तरी तर लांब दगडाच्या दोन्ही टोकांवर छिन्नीनं फुली मारायचा. घरमालकानं बाहेरून बघावी, आत जाऊन बघावी आणि निर्धास्त झोपावं.

पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग काका, तुमच्याकडच्या भिंती भूकंपात कामून पडल्या?"

मी म्हटलं, चल, बसचा हॉर्न वाजतोय. हॉर्न वाजत नव्हता.

तिला सोळावं चालू आहे. आपल्या आलियालाही याच वर्षी लागलं असतं. तीही अशीच विचारायची, अप्पाकाका हे कामून, अप्पाकाका ते कामून.

बाकीचे किनाऱ्यावर गेलेत. मी लॉजच्या पायरीवर बसून हे लिहितोय. तू माळवदाच्या छतासाठी लाकूड बघायला भोकरला गेला होतास ते तीन दिवस आठवतात का? घर बांधताना, एकोणनव्वदच्या मे महिन्यात. नाही, आज नको. इथे समुद्राचा आवाज फार आहे.

गुरुपादप्पा


लातूर, २९ नोव्हेंबर

सरदार,

हे पत्र ईदच्या आधीच लिहून झालं असतं. मुद्दाम थांबलो. म्हटलं, शिरखुर्मा तरी सुखानं खाऊ दे.

आता आडवळणं पुरे. तुझ्या घराच्या मागच्या भिंतीत लांब दगड नाहीत.

तू भोकरला निघालास तेव्हा मागची भिंत गुडघ्याएवढी होती. सहा लांब दगड तू घडवून, फुल्या मारून अंगणात ठेवले होते. जाताना हसून म्हणालास, "अप्पा, म्या येईस्तोवर तंबाखू चोळत बस. एकट्यानं तुझ्यानं काय व्हनार?" तू चेष्टेनंच म्हणालास. आपलं बोलणं कायम तसंच असायचं. पण ते माझ्या डोक्यात बसलं. तू परत येईपर्यंत मागची भिंत माथ्यापर्यंत नेऊन तुझं तोंड बंद करायचं, एवढंच मनात होतं. दोन्ही बाजू मीच रचत गेलो. बाहेर चार दगड, मग पळत आत, आत चार दगड. पहिल्या लांब दगडाची वेळ आली, तो हलला नाही. पहारीनं उचकटला, तर अंगठ्यावर आला. माझा अंगठा वाकडा कसा झाला हे तू विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, बैलगाडीत सापडला.

गावात कुणालाही हाक मारली असती तर आला असता. शरणप्पा तर समोरच खळ्यात बसलेला होता. मी हाक मारली नाही. मग संध्याकाळभर तुझ्यापुढे बढाई कशी मारली असती?

मी ते सहा दगड घणानं मधोमध फोडले. फुलीचं एक टोक बाहेर बसवलं, दुसरं टोक त्याच्याच समोर आत बसवलं. मधे चिपा भरल्या. बाहेरून बघितलं तर फुली होती, आतून बघितलं तर फुली होती. तुझी फुली, सरदार. तू परत आलास आणि विचारलंस, "किती बसवले?" मी म्हटलं, "सहा." तू माझ्या पाठीवर थाप मारून शाब्बास म्हणालास. ती थाप मला अजून लागते.

चार वर्षं ती भिंत उभी होती आणि मी विसरूनही गेलो होतो. हे लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटते. विसरलो होतो. त्या पहाटे तुझ्याकडे पळत आलो तेव्हा आठवलं. भिंतीची आतली बाजू सगळी आत आली होती आणि बाहेरची बाहेर पडली होती. मधे आलियाचं अंथरूण.

नंतर इंजिनिअर लोक आले, ढिगाऱ्यावर उभं राहून लिहून घेऊ लागले. तू म्हणालास, "आतली बाजू माझी व्हती साहेब. माझी बाजू पडली." मी तुझ्या शेजारी उभा होतो, हातभर अंतरावर. बोललो नाही. तुम्ही सामान बांधून भाभीच्या माहेरी धर्माबादला निघालात, तेव्हाही एसटीपर्यंत आलो आणि बोललो नाही. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, दुःखानं बघत नाहीस. मला तेवढंच पुरलं.

त्या इंजिनिअरांपैकी एक म्हणाला होता, मातीतलं बांधकाम, वर माळवदाचं ओझं, असल्या धक्क्यात काहीच टिकलं नसतं. मी दहा वर्षं हेच घोकत आलो. पण तुझी पुढची भिंत उभी राहिली ना रे. तिच्यात लांब दगड होते, आपण दोघांनी मिळून घातलेले. मी विचारलं होतं, आला का, आणि तू म्हटलं होतंस, आला.

तुझी बाजू पडली नाही. गुडघ्याच्या वर तू ती रचलीच नव्हतीस. दोन्ही बाजू माझ्या होत्या. यासेरला घर बांधू दे. तुझ्या हाताला दोष नाही, तो कधीच नव्हता. पत्र्याखाली झोपायचं तर मी झोपायला पाहिजे.

माफ कर असं लिहिणार होतो. ते खोडलं. ते मागायचं माझं तोंड नाही.

गुरुपादप्पा


लातूर, २२ डिसेंबर

सरदार,

हे नुसतं कार्ड. तिसरं पत्र पोचलं का, एवढंच कळव. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही चालतील, पोस्टमन मराठीच वाचतो, त्यालाही जरा बरं वाटेल. गौरम्माला सगळं सांगितलं. तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि शेजारी न बसता आत गेली. आजतागायत तसंच चाललंय.

परवा सहामाहीचा निकाल लागला. समीक्षा दुसरी आली. मी तिला बोलावून सांगितलं, पोरी, त्या दिवशी हॉर्न वाजत नव्हता. मग भिंती का पडल्या तेही सांगितलं. कुणाची भिंत, तेही. ती रडली. पण म्हणाली, "काका, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं का?" मी म्हटलं, हाव, सांगितलं.

गुरुपादप्पा


धर्माबाद, ४ जानेवारी २००४

अप्पा,

तीन पत्रं आणि कार्ड मिळालं. पहिलं पत्र तू सांगितलंस तिथेच फाडलं. मग चिकटवून वाचलं. फिजिक्सचे प्रश्न उलटे चिकटले आहेत.

तुझ्या तिसऱ्या पत्रात मला नवीन काही नव्हतं. मला माहीत होतं.

भोकरहून लाकूड घेऊन आलो त्या संध्याकाळी अंगणात ताज्या फुटीच्या कपच्या पडलेल्या दिसल्या. लांब दगड तर मी घडवून गेलो होतो, मग कपच्या कशाच्या? तुझ्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. तू हात धुवायला गेलास तेव्हा मी आतल्या फुलीवर छिन्नीची मूठ मारली. आवाज पोकळ आला. सहाही ठोकून बघितल्या. मग तू आलास आणि मी विचारलं, किती बसवले. तू सहा म्हणालास. मी शाब्बास म्हणालो.

का म्हणालो, ते ऐक. लाकूड दारात येऊन पडलं होतं, आभाळ भरलं होतं. भिंत उकलायची म्हणजे आठ दिवस मोडणार. आणि तुझ्या तोंडावर तुला खोटं पाडायचं जिवावर आलं, कारण जाताना तुला डिवचलं होतं मीच. म्हटलं, बघू पुढच्या उन्हाळ्यात. आणि दुसऱ्या दिवशी त्या फुल्यांवरून मी माझ्या हातानं गिलावा फिरवला. चार उन्हाळे गेले अप्पा. घर माझं, लेक माझी, आणि मला माहीत होतं. म्हणून साहेबाला म्हणालो, आतली बाजू माझी. गिलाव्याचं बोललो मी. तेवढंच अर्धं बोलता आलं.

तुझ्यावर माझा राग आहे, नाही म्हणत नाही. पण तो दगडांचा नाही. ढिगाऱ्यावर तू एक शब्द बोलला असतास तर मीही माझं बोललो असतो. एसटीपाशी मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. तू आधी बोलशील म्हणून मी दहा वर्षं वाट बघत बसलो. तू तिकडे, मी इकडे. पहिल्यांदा बोलायची माझी छाती झाली नाही.

चांदबीला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि माझंही सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, चूलही पेटवली नाही. यासेरनं खिचडी केली. तिसऱ्या दिवशी पत्र्याखाली येऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "दोघंबी लई मोठे मिस्तरी म्हनून मिरवत व्हता." मग बराच वेळ रडली. आलियाचं नाव दहा वर्षांनी आमच्या घरात मोठ्यानं निघालं. डोळे पुसून म्हणाली, "पोराचा पाया खोदा. त्या अप्पाला बोलवा. तुमी दोघांनीच जोतं बांधायचं, दुसऱ्या कुनी न्हाई. आन् दगड घालताना म्या आत हुभी ऱ्हानार. तुमच्या फुलीवर माझा भरवसा न्हाई. दगड आरपार येताना मला माझ्या डोळ्यानं बघायचाय."

तेव्हा असं आहे. भिंती विटांच्याच होणार, पण जोतं काळ्या दगडाचं. लांब दगड मी घडवायला घेतलेत. दहा वर्षांनी छिन्नी धरली, बोटं सुजून बसली. फुल्या मारलेल्या नाहीत, लागणार नाहीत.

संक्रांत झाली की ये. गौरम्माला आण, चांदबीनं सांगितलंय. येताना समुद्राचं काय ते सांग, तू चाखून आलास आणि मी राहिलो. बाहेरची बाजू तुझी, आतली माझी. आणि मी उठायच्या आधी तू कामावर जाऊन उभा राहशील, मला ठाऊक आहे. उभा राहा. पण मी येईपर्यंत दगडाला हात लावू नकोस.

सरदार